द्राक्षवेलीचं गाव : सांत-एमिलियों, नान्नज आणि आपला न लिहिलेला वारसा



‘वारसा’ हा शब्द वर्गात काढला की मुलांची उत्तरं ठरलेली असतात. किल्ला, लेणी, मंदिर, जुना वाडा. मोडनिंब परिसरातली मुलं पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सांगतील, सोलापूरचा भुईकोट सांगतील, एखादा हुशार मुलगा माढ्याची माढेश्वरी सांगेल. उत्तरं बरोबरच आहेत. पण हिवाळ्यात मोडनिंबच्या बाजारात बोरांचे ढीग लागतात, पंढरपूरकडं जाताना कासेगावच्या शिवारात द्राक्षाचे मांडव दिसतात, बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळ्या दिसतात, तो वारसा आहे असं एकही मूल म्हणत नाही. खरं सांगायचं तर आपणही त्यांना तसं कधी सांगितलेलं नसतं.

या पाठात दोन गावं शेजारी ठेवून बघू. एक फ्रान्समधलं, वाइनसाठी जगभर नाव असलेलं. दुसरं आपल्याच जिल्ह्यातलं. दोन्हीकडं पीक एकच, द्राक्ष.

सांत-एमिलियों : दगडातलं गाव

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात बोर्डो नावाचं बंदराचं शहर आहे. तिथून सुमारे 40 किलोमीटरवर सांत-एमिलियों हे गाव आहे. लोकवस्ती दोन हजारांच्याही आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाडीएवढी. आठव्या शतकात एमिलियों नावाचा एक साधू इथल्या चुनखडीच्या गुहेत येऊन राहिला, अशी परंपरा सांगते. त्याच्यावरून गावाचं नाव पडलं. पुढं त्याच्या अनुयायांनी अख्खं चर्च त्या चुनखडीच्या खडकात कोरून काढलं. आपल्याला वेरूळचं कैलास लेणं माहीत आहे, त्यामुळं मुलांना ही कल्पना पटकन कळते. गावातली घरंही त्याच दगडाची. दगड काढून काढून जमिनीखाली जी भुयारं झाली, त्यांतल्या कित्येकांत आज वाइनची पिंपं ठेवतात. बारमाही गारवा, त्यामुळं जागा अगदी योग्य.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. 1199 साली इंग्लंडचा राजा जॉन याने या गावाला एक सनद दिली. त्या काळी फ्रान्सचा हा भाग इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होता. आपल्याकडं तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्य होतं. त्या सनदेनं गावातल्या प्रतिष्ठित मंडळींच्या सभेला गावाचा कारभार बघण्याचा हक्क मिळाला. या सभेला ‘जुराद’ म्हणतात. द्राक्षतोडणी कधी सुरू करायची ते जुराद ठरवायची. पिंपावर गावाचा शिक्का तीच मारायची. माल खराब निघाला तर तो नष्ट करायचा अधिकारही तिचाच. म्हणजे गावाच्या नावावर कुणी भेसळ खपवू नये, याची काळजी गावच घेत होतं.

फ्रेंच राज्यक्रांतीत ही सभा संपली. 1948 मध्ये गावकऱ्यांनी ती पुन्हा सुरू केली. आज तिचं काम बरंचसं समारंभाचं आहे. सप्टेंबरात लाल झगे घातलेली मंडळी राजाच्या बुरुजावर चढून तोडणी सुरू झाल्याची घोषणा करतात. 1936 साली या गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. ठरलेल्या शिवारातली द्राक्षं आणि ठरलेली पद्धत असेल तरच बाटलीवर ते नाव लावता येतं. 1999 साली युनेस्कोने हे गाव आणि त्याचा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. द्राक्षमळ्यांच्या भूप्रदेशाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

इथं मुलांना एक प्रश्न विचारावा : हे गाव मोठं कशामुळं झालं? माती चांगली म्हणून? हवा चांगली म्हणून? तीही कारणं आहेत. पण चांगली माती जगात पुष्कळ ठिकाणी असते. या गावानं आपल्या पिकाची नोंद ठेवली. कुणाचा मळा कुठला, कोणत्या साली पीक कसं आलं, हे लिहून ठेवलं आणि जपलं.

त्यांचा वेल झोपतो, आपला झोपत नाही

फ्रान्समध्ये कडक थंडी पडते. वेलीची पानं गळतात आणि ती हिवाळाभर निद्रेत जाते. त्या काळात एकदा छाटणी करायची. वसंतात फूट, उन्हाळ्यात घड, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. निसर्गाचं वेळापत्रक ठरलेलं.

आपल्याकडं अशी थंडी पडतच नाही. वेल झोपतच नाही, मग तिला शिस्त कशी लावायची? याचं उत्तर आपल्या शेतकऱ्यानं दोन छाटण्यांमध्ये शोधलं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, म्हणजे जुनी फूट काढून नवी काडी तयार करायची. मग पावसाळाभर त्या काडीत माल तयार होतो. ऑक्टोबरच्या सुमाराला दुसरी, गोडी छाटणी. तिच्यानंतर घड बाहेर पडतात आणि जानेवारी ते मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी चालते. छाटण्या दोन आणि पीक एक.

उष्ण दख्खनमध्ये द्राक्ष ही नवलाईची गोष्ट आजची नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादला आला होता. तिथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. परदेशी माणसाला जे आश्चर्य वाटलं, त्यातूनच पुढं आपली शेतीची पद्धत घडत गेली. ही पद्धत कुठल्या फ्रेंच पुस्तकात सापडायची नाही. ती इथल्या माणसांनी, इथल्या उन्हात, चुकत-माकत बसवलेली आहे.

नान्नज : एका काडीतून उभा राहिलेला वारसा

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नज लागतं. बहुतेकांना हे नाव माळढोक पक्ष्यामुळं ठाऊक असतं. 1979 साली इथं माळढोक अभयारण्य झालं. पण द्राक्षवाल्यांना नान्नज आठवतं ते नानासाहेब काळे यांच्यामुळं आणि ‘सोनाका’ या वाणामुळं.

सोनाका समजून घ्यायचा तर थोडं विज्ञान लागतं. आपल्याकडं पूर्वी भोकरी, साहेबी अशा बियांच्या द्राक्षांच्या बागा असत. नंतर बिनबियांचं थॉमसन सीडलेस आलं आणि साठ-सत्तरच्या दशकांत महाराष्ट्रभर पसरलं. हे नाव कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन या बागायतदाराचं. वाण मात्र त्याहून कितीतरी जुनं, इराण-तुर्कस्तानच्या बाजूचं.

द्राक्षाची बाग आपण बी पेरून करत नाही, काडी लावून करतो. त्यामुळं थॉमसनच्या सगळ्या वेली म्हणजे एकाच वेलीचे लाखो तुकडे. सगळ्यांचे गुण सारखे. पण कधीतरी एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो. त्या डोळ्यातून आलेल्या काडीवरचे घड वेगळे दिसतात. मणी लांबट असतात, रंग निराळा असतो. हजारो घडांत असा एखादा. बहुतेक जण तो तोडून क्रेटमध्ये टाकतात आणि विषय संपतो. एखादा शेतकरी मात्र थांबतो. त्या काडीवर खूण बांधतो, तिच्यापासून नवी रोपं करतो आणि तेच गुण पुढं टिकतात का हे चार-पाच वर्षं बघत राहतो.

सोनाका असा थॉमसनमधून निवडलेला. लांबट, सोनेरी झाक असलेला मणी ही त्याची ओळख. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी याच पद्धतीनं ‘तास-ए-गणेश’ निवडला. काळ्या द्राक्षातला ‘शरद सीडलेस’ हा किशमिश चोर्नी या मूळच्या रशियाकडून आलेल्या वाणातून आला. चोर्नी म्हणजे रशियन भाषेत काळी.

थोडं थांबून विचार करा. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. रोज बागेत फिरणारी नजर, एवढंच भांडवल. निरीक्षण, नोंद, पडताळणी आणि निष्कर्ष या वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या आपण विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहितो. त्या सगळ्या पायऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या एका बागेत चालून झालेल्या आहेत. मुलांना न्यूटनचं सफरचंद माहीत असतं. सोनाकाची काडी माहीत नसते.

बोर्डोचा निळा रंग आणि अमेरिकेची मुळं

आता ही दोन गावं एकमेकांना कुठं भेटतात ते पाहू.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर अमेरिकेतून दोन संकटं आली. पहिलं फिलॉक्सेरा, मुळांतला रस शोषणारी बारीक कीड. 1860च्या दशकात ती फ्रान्समध्ये दिसली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मळेच्या मळे वाळून गेले. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानटी वेलींची मुळं या किडीला दाद देत नव्हती. मग खाली अमेरिकन वेलीचा खुंट आणि वर फ्रेंच वेलीचं कलम, अशी जोडणी सुरू झाली. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन या वनस्पतितज्ज्ञाचा यात मोठा वाटा होता. फ्रेंच सरकारनं 1888 साली त्याचा सन्मान केला.

सोलापूर-सांगलीच्या बहुतेक नव्या बागा आज ‘डॉगरीज’ नावाच्या खुंटावर उभ्या असतात. हा खुंट त्याच टेक्सासच्या रानवेलींच्या कुळातला. आपल्याकडं कारण कीड नव्हतं. पाणी कमी, त्यात क्षार जास्त, जमीन चुनखडीची. थॉमसनची स्वतःची मुळं तिथं दमायची, डॉगरीजची तग धरतात. म्हणून शेतकरी आधी खुंटरोपं लावतो, ती वाढू देतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास शेतातच पाचर कलम करतो. मुळं टेक्सासची, वाण नान्नजचं आणि पाणी उजनीचं किंवा विहिरीचं. एका वेलीत एवढा भूगोल मावतो!

दुसरं संकट म्हणजे केवडा, ज्याला आपले शेतकरी ‘डाऊनी’ म्हणतात. पानावर तेलकट डाग पडतात, खालून पांढरी बुरशी दिसते, घड जळून जातात. 1882च्या सुमारास बोर्डो परिसरातल्या एका मळ्यात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला एक गंमत दिसली. रस्त्याकडेच्या वेलींवर निळसर थर होता आणि तेवढ्याच वेली निरोगी होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडतात. चोरापासून राखण करायला केलेली युक्ती रोगावरचं औषध निघाली. मिलार्देनं प्रयोग करून 1885 साली ती जाहीर केली. तेच बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे एक टक्क्याचं प्रमाण आपल्या बागायतदारांना तोंडपाठ असतं. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं हा निळा रंग ओळखतात. त्याच्या नावात फ्रान्समधलं एक शहर आहे, आणि आपलं सांत-एमिलियों त्याच शहराच्या शेजारी आहे, हे सांगितलं की त्यांचे डोळे कसे चमकतात ते बघा.

पण शाळेत वाइन कशाला?

हा प्रश्न पालक विचारणार, आणि विचारायलाच हवा. आपला भाग पंढरीच्या वाटेवरचा. घरोघरी माळकरी. दारूनं बुडालेली घरंही आपण पाहिलेली आहेत. 2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा केवढा वाद झाला हे आठवत असेल. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळेल, असं एक बाजू म्हणत होती. दारू किराणा दुकानापर्यंत येईल, असं दुसरी बाजू म्हणत होती. दोन्ही म्हणण्यांत वजन होतं.

माझं मत असं की वाइनची जाहिरात शाळेत नको, पण विषय लपवायचंही कारण नाही. कारण तो आपल्या जिल्ह्यात आलेलाच आहे. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथं वाइन पार्क झाले. आपल्या माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली ही कंपनी उभी राहिली. अकलूजचं मोहिते-पाटील कुटुंब, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून ती काढली. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तिथल्या वेली खाण्याच्या द्राक्षाच्या नाहीत. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बी असते.

वर्गात विज्ञानाच्या अंगानं एवढं सांगता येतं. द्राक्षरसातल्या साखरेपासून किण्व म्हणजे यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. वाइन का बिघडते, याचा अभ्यास 1860च्या दशकात लुई पाश्चरनं केला. त्यातून ठरावीक तापमानाला तापवून सूक्ष्मजीव मारण्याची पद्धत निघाली. दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ लिहिलेलं असतं, ते त्या पाश्चरच्या नावावरून. वाइनमधून निघालेली पद्धत आज दुधाच्या कामाला येते. त्याच तासाला अल्कोहोलचे शरीरावर होणारे परिणामही स्पष्ट सांगावेत. मुलं दोन्ही गोष्टी समजून घेतात.

आणि द्राक्ष म्हणजे फक्त वाइन नव्हे. आपल्याकडं बहुतेक द्राक्ष खाण्यासाठी जातं, नाहीतर त्याचा बेदाणा होतो. साधारण चार किलो द्राक्षापासून एक किलो बेदाणा. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, शेडमधल्या जाळीवर पसरायचे, दोन आठवड्यांच्या आसपास वाळवायचे. चार किलोचं एक किलो म्हणजे पाण्याची घट किती टक्के? सातवीचं शेकडेवारीचं गणित तयार!

कोण लिहिणार?

आता मुद्द्यावर येतो. आपल्या बागायतदाराला नोंदी ठेवता येत नाहीत, असं मुळीच नाही. युरोपला द्राक्ष पाठवणारा शेतकरी कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मारलं, हे सगळं लिहून ठेवतो. 2010 साली लिहोसिनचे अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला आणि मोठं नुकसान झालं. तेव्हापासून या नोंदींची किंमत सगळ्यांना कळली आहे. पण ही नोंद गिऱ्हाइकासाठी असते. गावासाठी कुणी लिहीत नाही.

गावातली पहिली बाग कुणी लावली? पहिली कलमं कुठून आणली? लोखंडी अँगलच्या आधी मांडव कशाचे होते? ठिबक आधी कुणाच्या रानात आलं? हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दुसरीकडं अवकाळी पाऊस आणि औषधांचा खर्च याला कंटाळून लोक बागा मोडतायत आणि ऊस लावतायत. बाग मोडली की तारा भंगारात जातात, खुंट चुलीत जातात आणि चाळीस वर्षांची माहिती म्हाताऱ्या माणसाबरोबर जाते.

आणखी एक बाजू आहे. सांत-एमिलियोंच्या इतिहासात मळ्यांच्या मालकांची नावं सापडतात, पण तोडणी करणाऱ्या बायकांची नावं शोधूनही सापडत नाहीत. आपण तरी ती चूक करू नये. विरळणीला, म्हणजे दाट घडातले जादा मणी कात्रीनं काढायला, बायकांच्या टोळ्या जातात. मणी मोठा होतो तो त्यांच्या हातानं. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया त्या टोळीत असतात. वारशाच्या वहीत बागेच्या मालकाशेजारी त्यांचंही नाव आलं, तर त्या मुलाला शाळा आपली वाटेल.

शाळेत करता येईल असं

सहावी ते आठवीला चार तासिकांत हा उपक्रम होतो.

1. पहिल्या तासाला नकाशा. सांत-एमिलियों, टेक्सास, इराण आणि आपलं गाव या जागा जगाच्या नकाशावर दाखवायच्या आणि वेलीचा प्रवास रेघेनं जोडायचा.

2. दुसऱ्या तासाला शब्द. प्रत्येक मुलानं घरून शेतीचे दहा शब्द आणायचे : खरड, गोडी, काडी, डोळा, खुंट, पाचर, विरळणी, भुरी, केवडा. अर्थ मुलांनीच लिहायचे. भाषेच्या शिक्षकांना यात भरपूर काम आहे.

3. तिसऱ्या तासाला मुलाखत. गावातले एक आजोबा आणि विरळणीला जाणाऱ्या एक मावशी यांना शाळेत बोलवायचं. प्रश्न मुलांनी आधी लिहून आणायचे. उत्तरं त्यांच्याच बोलीत टिपायची, ‘शुद्ध’ करत बसायचं नाही.

4. चौथ्या तासाला नोंद. सगळं एका जाड वहीत उतरवायचं. सांगणाऱ्याचं नाव त्यांच्या परवानगीनं लिहायचं. तारीख आणि साल विसरायचं नाही.

दोन सूचना. फवारणी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या बागेत मुलांना अजिबात नेऊ नये. मोरचूद विषारी आहे, तो दाखवायचा झाल्यास शिक्षकांनीच हाताळावा.

मोडनिंबमध्ये द्राक्षाऐवजी बोर घ्या, मंगळवेढ्यात ज्वारी घ्या, सांगोल्यात डाळिंब घ्या. मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचं डाळिंब आणि सांगलीचा बेदाणा यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे नावाला कायद्याचं कुंपण पडलेलं आहे. पण त्या नावामागची गोष्ट कायदा लिहून देत नाही. ती गावालाच लिहावी लागते. सांत-एमिलियोंला आठशे वर्षं मिळाली. आपल्याला सुरुवातीला साठ पानांची एक वही पुरे. ती शाळेच्या कपाटात दाखलखारिजाच्या रजिस्टरशेजारी ठेवा आणि दर वर्षी नव्या वर्गाला तिच्यात चार पानं लिहू द्या.